जहाजमहाल ते चौपाटी

माळव्यात समुद्र नाही, पण समुद्राची हौस मात्र फार जुनी आहे. धारेस परमार राजा मुंज याच्या नावाचा मुंज सागर आहे, मांडवगडावर सागर तलाव आहे, आणि त्याच गडावर दोन तळ्यांच्या मधोमध जो सुमारे एकशेवीस मीटर लांबीचा महाल पसरलेला आहे त्याचे नावच मुळी जहाजमहाल. तो पंधराव्या शतकात, सुलतान घियासुद्दीन खिलजी याच्या काळात उभा राहिला असे मानतात. पावसाळ्यात मुंज तलाव व कपूर तलाव तुडुंब भरले म्हणजे तो खरोखरीच नांगर टाकून उभ्या असलेल्या गलबतासारखा दिसतो. ज्या मुलखातील बहुतेक माणसांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्या मुलखाने दगडाचे जहाज बांधून ठेवावे, हे मला सुलतानाच्या वैभवापेक्षा अधिक बोलके वाटते. देवासची गोष्ट आणखी मौजेची. तिथल्या तळ्याचे नाव मीठा तालाब, म्हणजे गोडे तळे. त्याच्या काठी पवार राजघराण्याच्या छत्र्या आहेत. तळ्याचे पाणी गोडे असते हे कुणाला सांगावे लागते काय? ज्याने हे नाव ठेवले त्याने खारे पाणी कोठेतरी चाखलेले असले पाहिजे, असा तर्क आम्ही मुले लहानपणी लढवीत असू.

धार आणि देवास ही मराठी माणसांची गावे आहेत, हे महाराष्ट्रातील वाचकांस कधी कधी सांगावे लागते. अठराव्या शतकात पवारांच्या घोड्यांबरोबर जी कुटुंबे नर्मदा ओलांडून वर गेली, त्यांचे वंशज तेथेच राहिले. कुणी कारकून झाले, कुणी मास्तर, कुणी पुजारी, कुणी वकील. त्यांचे बोलणे हिंदीच्या शेजाराने वळण बदलून बसले. ‘काय करतोस’ याऐवजी ‘काय करून राहिलास’ असे आम्ही म्हणत असू, आणि गिरगावातील आतेभावंडे त्यावर पोट धरून हसत. परंतु सोयरीक दक्षिणेतच होई. कुणाची बहीण पुण्यास दिलेली, कुणाची मावशी दादरला, कुणाची आत्या ठाकुरद्वारच्या चाळीत. म्हणून मे महिन्याची सुटी लागली की निम्म्या देवासचे डोळे मुंबईकडे लागत. मुंबई म्हणजे आम्हां मुलांच्या लेखी मंत्रालय नव्हे, गिरण्याही नव्हेत. चर्नी रोडपासून चर्चगेटपर्यंतचा समुद्राचा काठ, त्यावरील पाळणे, भेळ, मासे पाहण्याचे घर, आणि त्या काठाने धावणाऱ्या मोटारी, एवढीच मुंबई.

मोटारींचे वेड देवासला पूर्वीपासून होते. १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी हे संस्थान मिळून घेतले, आणि पुढे त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. गाव एक आणि राज्ये दोन. मुख्य रस्त्याच्या एका बाजूचे पाणी व दिवाबत्ती एका दरबाराची, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दरबाराची. अशा रस्त्यावरून मोटार मधोमध हाकली तर तिची उजवी चाके एका राज्यात आणि डावी दुसऱ्यात, असा विनोद जुनी माणसे करीत. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिले. एवढ्या मोठ्या लेखकाकडे महाराजांनी लिहिण्यावाचण्याचे काम फारसे दिले नाही. बागा, टेनिसची मैदाने, पाहुण्यांचा बंगला, वीजघर आणि दरबारच्या मोटारी यांची देखरेख मात्र दिली. त्या दिवसांच्या पत्रांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली निघाले. त्यातील टेकडी म्हणजे आमची देवीची टेकडी. त्याच महाराजांचा शेवटही, योगायोग पहा, समुद्रकाठी झाला. संस्थान कर्जात बुडाले तेव्हा १९३३ च्या अखेरीस ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले आणि १९३७ साली तेथेच वारले. शेजारच्या इंदुरात यशवंतराव होळकरांची अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडी त्याच काळी गाजत होती. ती ज्यांनी पाहिली त्यांच्या तोंडून तिची वर्णने ऐकत आम्ही वाढलो.

१९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. राजांच्या मोटारी गेल्या आणि वकिलांच्या व डॉक्टरांच्या आल्या. त्याच वर्षी क्षयाने आजारी पडलेले तरुण कुमार गंधर्व मुंबईची दमट हवा सोडून देवासच्या कोरड्या हवेत राहावयास आले. चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर, ऑपेरा हाउसजवळ, प्रा. देवधरांच्या संगीत शाळेत ते वाढलेले. म्हणजे समुद्राकडून माळव्याकडे येणारी वाटही होती. पण ती औषधाची होती. आमची मौजेची.

मुंबईस जाण्यास आगगाडी होतीच. इंदुराहून मीटरगेजने विंध्याचा घाट उतरून खांडव्यास जायचे आणि तेथे मोठ्या रुळांची गाडी पकडायची. धारेस तर रेल्वेच नव्हती. पण खरा मुंबईचा रस्ता म्हणजे आग्रा रोड. तो देवासवरून जातो, इंदूर व महू मागे टाकतो, मानपूरचा घाट उतरून धार जिल्ह्यात गुजरी, धामनोद, खलघाट अशी गावे घेत नर्मदा ओलांडतो, सेंधव्यापुढे सातपुड्यातून खानदेशात येतो, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक करीत कसाऱ्यास सह्याद्री उतरतो आणि ठाण्यावरून मुंबईत शिरतो. सहाशे किलोमीटरांहून थोडा अधिक. तीन पर्वत आणि दोन मोठ्या नद्या. भूगोलाच्या पुस्तकात विंध्य, सातपुडा आणि सह्याद्री ही तीन नावे एका ओळीत असत. आम्ही ती मोटारीच्या आचक्यांवरून ओळखत असू.

१९५९ च्या मे महिन्यात वडिलांच्या एका वकील स्नेह्यांनी आपल्या फियाटमधून आम्हांस मुंबईस नेले. मुंबईत त्या गाडीस डुक्कर फियाट म्हणत. तिचे नाक बुटके आणि पाठ गोल, म्हणून हे नाव; पण त्यात तिरस्कार नव्हता, जिव्हाळाच होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून ती बाहेर पडू लागली. पुढच्या दारांची बिजागरी मागे, त्यामुळे दार उघडले की बसणाऱ्यास जणू ‘या’ म्हणून वाट करून देई. गिअरचा दांडा चाकाशेजारी, म्हणून पुढे सलग बाकावर तिघे बसू शकत. गाडी चौघांची म्हणून विकत, आणि आम्ही सातजण होतो. पुढे वकीलकाका, दादा आणि मी. मागे आजी, आई, काकू आणि बहीण. टपावर वळकट्या व पेट्या सुंभाने आवळलेल्या. पुढच्या बंपरला पाण्याची छागल टांगलेली. वाऱ्याने तिच्यातील पाणी असे गार होई की तशी चव आजच्या शीतकपाटास येत नाही, निदान मला येत नाही.

आजीने समुद्र पाहिला नव्हता. ती सत्तरीच्या पुढे होती. काशी झाली होती, ओंकारेश्वर तर घरचेच. समुद्र तेवढा राहिला होता. हा प्रवास तिच्यासाठी होता, आणि ती गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

पहाटे तीनला निघालो. माळव्याची रात्र उन्हाळ्यातही गार असते. मानपूरचा घाट उतरताच ती संपली आणि निमाडची झळ काचेतून आत आली. खलघाटला नर्मदेवर आजीने गाडी थांबवावयास लावली, एक पैसा पाण्यात सोडला आणि हात जोडले. पुढे सेंधव्याच्या घाटात इंजिन तापले. बिजासन मातेच्या देवळापाशी सगळ्याच गाड्या थांबतात. काही भक्तीने, काही वाफेने. आम्ही दोन्ही कारणांनी थांबलो. काकांनी चाकामागे दगड लावले, झाकण उघडले, आणि अर्धी छागल रेडिएटरने पिऊन टाकली. मुंबई राज्यात शिरताना सरहद्दीवर तपासणी झाली. तिकडे दारूबंदी होती आणि आमच्याकडे नव्हती, म्हणून माळव्याकडून येणाऱ्या गाड्यांवर शिपायांची नजर कडक असे. शिपायाने टोपलीतील बाटली नाकाशी नेली. ती आजीची नर्मदेच्या पाण्याची होती. त्याने ती कपाळाला लावून परत दिली.

धुळ्यास मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी कसारा. तो घाट उतरताना ब्रेक तापल्याचा करपट वास गाडीत भरला आणि आई डोळे मिटून बसली. ठाणे मागे पडल्यावर रस्ता कुर्ल्यावरून जाई. तेथे काकांनी वेग कमी केला आणि डाव्या-उजव्यास पाहत म्हणाले, “ही आपली गाडी इथली. माहेरी आली.” सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीचा तो कारखाना आमच्याच आग्रा रोडला लागून होता, म्हणजे देवासच्या आमच्या दारावरून जाणारा रस्ता त्याच्याही जवळून जात होता. आरंभी तेथे डॉज व प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जुळणी होई, मग इटलीच्या फियाट आल्या. १९५३ नंतर सरकारी धोरणामुळे केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. शिवडीस १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा कारखानाही बंद झाला. उरल्या त्या मुख्यत्वे कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची हिंदुस्थान आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढे मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गाचा एक संस्कारच होऊन बसला. तो कारखानाही आता नाही. त्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या.

शीवच्या खाडीशी वास आला. आजी सावरून बसली. “हाच का?” तिने विचारले. “नाही आई, ही खाडी,” दादा म्हणाले. ती पुन्हा मागे टेकली.

संध्याकाळी गिरगाव चौपाटी. येथे १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांच्या देहास अग्नी दिला, हे दादांनी पुतळ्यापाशी आम्हांस उभे करून सांगितले. आमचे लक्ष पलीकडे होते. लाकडी पाळणे होते, ते दोन माणसे हातांनी फिरवीत आणि वर गेलेल्या मुलाच्या किंकाळीप्रमाणे वेग कमीजास्त करीत. फळ्यावर रंगीत फुगे लावलेले आणि समोर छऱ्यांची बंदूक. वाळूचे देव करून त्यांपुढे फडके पसरून बसलेला कारागीर होता. लाट आली की त्याचे दैवत विरघळे आणि तो शांतपणे दुसरे घडवू लागे. घोडे, चंपीवाले, शहाळी, भेळ, केळीच्या पानावरील कुल्फी. पाळण्यास पैसे पडत, भेळेस पडत. पण वाळूवर बसण्यास पडत नसत. हे मी मुद्दाम लिहितो. माळव्यात राजांच्या बागा पाहिलेल्या मुलास याचे फार नवल वाटले, की इतकी मोठी मौज आणि तिला फाटक नाही.

पुढील आठ दिवसांत काय पाहिले नाही! मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलेले. तेथील निळ्या उजेडात बहीण काचेला नाक लावून उभी राहिली ती हलेना. मलबार हिलवर १९५२ साली झालेल्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. ट्रॅम, जी १९६४ च्या मार्चअखेर बंद पडली. १९३७ पासून धावणाऱ्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरील पुढची जागा. बांद्र्याच्या डोंगरावरील मोत माउलीची जत्रा या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणारी ती जत्रा आमच्या सुटीत कधीच येत नसे; आतेभावंडे मेणबत्त्यांच्या राशींचे, मेणाच्या हातापायांचे आणि जत्रेतील मिठाईचे वर्णन करून आम्हांस जळवीत. आम्ही मे महिन्यात तेथे गेलो तेव्हा पायऱ्या मोकळ्या होत्या. खाली समुद्र होता, आणि आजीने देवळाच्या दारात नर्मदेवर जोडले होते तसेच हात जोडले.

पण सर्वांत मोठा खेळ फुकटच होता. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे पाठ करून बसायचे आणि मोटारी ओळखायच्या. आतेभावास रंग दुरून दिसताच नाव सांगता येई. हिलमन, ऑस्टिन, मॉरिस, स्टुडबेकर, पंख फुटलेल्या शेव्हरोलेट, लँडमास्टर, आणि नुकतीच निघालेली अँबॅसिडर. आम्ही देवासचे, आमच्याकडे सबंध दिवसात मिळून जेवढ्या मोटारी जात तेवढ्या येथे एका लाटेबरोबर जात. त्यातील गंमत अशी की बहुतेक गाड्या कोठे जात नसत. त्या समुद्रापर्यंत येत आणि थांबत. दारे उघडत, आजोबा उतरत, मुले उतरत, कुणी पावलांना वाळू लावून परत येई, कुणी गाडीच्या पायरीवर बसूनच वारा खाई. मोटार ही समुद्रापाशी आणून सोडणारी वस्तू होती. एवढेच तिचे काम, आणि ते ती मानाने करी.

कठड्याच्या समोर इमारतींची रांग. मागील बाजूचा समुद्र हटवून केलेल्या भरावावर त्या १९३० व ४० च्या दशकांत उठल्या. गोल वळणाच्या गच्च्या, आडवे पट्टे, जहाजाच्या कठड्यासारखे कठडे. वास्तुशास्त्रात या धाटणीस आर्ट डेको म्हणतात, आणि ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईच्या या वास्तूंना फोर्टमधील गॉथिक इमारतींसह जागतिक वारशात घेतले. ते ज्ञान पुढचे. त्या संध्याकाळी आजी म्हणाली, “हे बघ, इथे किती जहाजमहाल!” मला तिचे वर्णन अजून अधिक पटते. धारेच्या झिरा बागेतील राजवाड्यासही हीच आर्ट डेकोची धाटणी दिलेली आहे. तेव्हा मुंबईच्या समुद्राची लाट माळव्यापर्यंत गेली होती असे म्हणावयास हरकत नाही.

आणि आजीचा समुद्र. पहिल्या संध्याकाळी ती पाण्याजवळ गेली नाही. वाळूवर बसून नुसती पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा व मी तिला घेऊन आलो. काकांनी गाडी अगदी काठाशी आणली. ओहोटी होती. ती नऊवारीचा काष्टा वर खोचून घोट्याभर पाण्यात उभी राहिली, ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावले आणि थुंकले. “खरेच खारे आहे,” ती म्हणाली, जणू इतकी वर्षे कुणीतरी तिला फसवीत असल्याचा संशय होता. मग टोपलीतील बाटली काढून तिने नर्मदेचे पाणी समुद्रात ओतले. नर्मदा तर भडोचजवळ समुद्रास मिळतेच, तिला आपण आणून पोहोचविण्याची काय गरज, असे मी विचारले. ती म्हणाली, “बाळ, ती तिच्या वाटेने येते. मी माझ्या वाटेने आले.” त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली.

हे सारे लिहिताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या गाड्यांची आठवण काढणारी माणसे, विशेषतः ज्यांच्या घरी गाडी होती ती, असे बोलतात की जणू त्या काळी सगळेच सुखी होते. आमच्या वेळी देवासमध्ये मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि आमची स्वतःची कधीच झाली नाही. आमच्या आळीतील कितीतरी आज्या समुद्र न पाहता गेल्या. गाडीच्या धुराने डोळे चुरचुरत. चौपाटीवरील व्हिक्टोरियाचे घोडे दिवसभर उन्हात उभे असत. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हा हळहळणाऱ्यांनी घोड्यांची बाजूही ऐकावयास हवी होती. पुढे विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. त्या घोड्यावाचून जरा पोरक्या दिसतात हे खरे. पण घोडा सुटला हेही खरे.

तरीही काही गोष्टींचे जाणे मनास लागते. कुर्ल्याच्या फियाटची पुढे डिलाइट झाली, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. काळीपिवळी पद्मिनी म्हणजे मुंबईची टॅक्सी, हे समीकरण दोन पिढ्यांनी पाहिले. अँबॅसिडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात डिझेलवरील जुन्या दुमजली बसची शेवटची फेरी झाली. लोकांनी तिला हार घातले. तारापोरवाला मत्स्यालय २०२० च्या साथीत बंद झाले. माणसे गेल्यावर जसे एकामागून एक निरोप येतात तसे हे निरोप त्या काही वर्षांत आले.

इकडे आमच्या मुलखाने मात्र उलट वाट धरली. धार जिल्ह्यातील पीथमपूर हे मोटारींचे गाव झाले आहे. तेथे आयशरच्या मालमोटारी होऊ लागल्या त्यास चाळीस वर्षे होत आली. २९ जून २०२१ रोजी तेथे गाड्यांच्या परीक्षेसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा लंबवर्तुळाकार वेगमार्ग खुला झाला. आशियातील सर्वांत लांब असे त्याचे वर्णन होते. त्यावर गाडी ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने जाऊ शकते आणि जेथून निघाली तेथेच परत येते. शास्त्रास त्याचा उपयोग मोठा आहे याबद्दल शंका नाही. पण ज्या जिल्ह्यातून आमची सातजणांची फियाट धापा टाकीत समुद्राकडे गेली, त्याच जिल्ह्यात हा रस्ता असावा हे मला गमतीचे वाटते.

आग्रा रोडही ओळखू येत नाही. तो चौपदरी झाला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून नाशिककडून येणारी मोटार जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून काही मिनिटांत पार होते. मुंबईच्या टोकासही तेच. ११ मार्च २०२४ रोजी किनारी रस्त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यासाठी दोन किलोमीटरांहून लांब असे जुळे बोगदे गिरगाव चौपाटी व मलबार हिल यांच्या खालून गेलेले आहेत. म्हणजे आता गाडी चौपाटीवर येते ती तिच्या खालून, आणि वर लाट फुटत आहे की ओहोटी आहे हे आतल्यास कळत नाही. वेळ वाचतो, रुग्णवाहिकेतील माणसास विचाराल तर तो या बोगद्यास आशीर्वाद देईल, आणि त्याचे चूक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या रस्त्याच्या कडेचा पदपथ लोकांस चालण्यासाठी खुला झाला, हेही नमूद केले पाहिजे. माझी तक्रार बोगद्याविषयी नाही. पूर्वी जो समुद्र गाडीचे मुक्कामाचे ठिकाण होता तो आता वाटेत लागणारी, आणि कधी कधी वाटेतही न लागणारी, वस्तू झाला आहे. एवढेच मला सलते. ज्यांस गाडी आहे त्यांस समुद्र ओलांडून पुढे जायचे असते. वाळूवर बसणारा मात्र अजूनही बसने, लोकलने किंवा पायी येतो. त्याच्या बसण्याची जागा तेवढी आक्रसू नये. पाळणे नवे येतील, गाड्या बदलतील; ती वाळू एकदा भरावाखाली गेली की परत आणता येत नाही, आणि तिला फाटक बसले तर ती चौपाटी राहणार नाही.

मागील हिवाळ्यात एका संध्याकाळी मी विल्सन कॉलेजासमोर उभा होतो. रस्त्याच्या कडेस एक पांढरी गाडी थांबली. पाटीवर एम.पी. ११, म्हणजे धार. पाच माणसे उतरली, त्यांत दोन लहान मुले. चालवणारा तरुण आळस देत होता. मी विचारले, “घाटात फार गर्दी होती का?” तो म्हणाला, “कोणता घाट, काका? बोगद्यातून आलो. पोरे झोपूनच होती.” मग त्याने विचारले की भेळ कोठली चांगली मिळते. त्याचे बोलणे आमच्याकडचे होते. ‘शोधून राहिलो आहे’ असे तो म्हणाला. मी हात करून दुकाने दाखविली. मुले तोवर चपला काढून पाण्याकडे धावत सुटली होती, आणि त्यांची आई गाडीचे दार उघडेच टाकून त्यांच्यामागे.